नवव्या मजल्याचा आवाज

१

लिफ्टमध्ये जी बाई बोलते ना, "दार बंद होत आहे" वगैरे, ती कोण असेल असा प्रश्न कुणालाही पडत नाही. ती असते, बस. पंखा असतो, आरसा असतो, पत्र्यावर कुणीतरी किल्लीने कोरलेला बदाम असतो, तशीच ती. पण या बिल्डिंगच्या लिफ्टमधली बाई खरीखुरी होती आणि चौथ्या मजल्यावर राहायची. रोज संध्याकाळी पायात स्लिपर अडकवून ती नवव्या मजल्यावर आईबाबांकडे चहाला जायची, आणि वर पोचताना स्वतःच्याच आवाजाला म्हणायची, "हो गं बाई, कळलं."

तिला घरात सगळे भोंगा म्हणायचे. नाव बाबांनी ठेवलेलं. तान्ही असताना ही रडायला लागली की खाली बाबांच्या फरशांच्या दुकानातली गिऱ्हाइकं दचकून वर बघायची म्हणे. पुढे त्याच भोंग्यावर तिचं पोट चालायला लागलं. बँकेच्या फोनवरचं "खात्याच्या माहितीसाठी एक दाबा" तीच. पार्किंगमधलं "कृपया तिकीट घ्या" तीच. आणि तीन वर्षांपूर्वी लिफ्ट कंपनीचं काम मिळालं, तेव्हा सगळे मजलेही तीच.

हे मजले कसे रेकॉर्ड करतात माहितीये? पहिला, दुसरा, तिसरा, असे बाराव्यापर्यंत सगळे वेगळे बोलायचे. आणि "मजला" हा शब्द फक्त एकदा. तोच एक तुकडा मशीन प्रत्येकाच्या मागे चिकटवतं. भोंग्याच्या "मजला"मधला "ला" किंचित वर उचललेला होता. कुणी दार उघडून "आलात का?" म्हणावं तसा. त्या एका "ला"साठी कंपनीने बाकीच्या पाच जणींना घरी पाठवलं होतं.

त्या दिवशी हातात बिस्किटांचा पुडा घेऊन ती वर निघाली. पाच, सहा, सात, आठ असे आकडे सरकले, लिफ्ट थांबली.

"नववा मजला."

आणि "ला" उचललाच नाही. खाली बसला. जड पिशवी ठेवावी तसा.

भोंगा "हो गं बाई" म्हणायला तोंड उघडून तशीच उभी राहिली. दार उघडलं, परत मिटायला लागलं, तेव्हा कुठे तिने पाय मध्ये घातला.

२

आता तुम्ही म्हणाल, स्पीकर आहे, बिघडला असेल. तीही तेच म्हणाली. दुसऱ्या कुणाच्या घरात हा विषय तिथेच संपला असता. पण या घरात आवाज बसणं ही साधी गोष्ट नव्हती.

बाबांना पार्किन्सन्स होता. त्यांच्या आईलाही होता, तेव्हा त्याला कुणी नाव दिलं नव्हतं एवढंच. रस्त्यापलीकडच्या माणसाला फरशीचा भाव ओरडून सांगणारे बाबा आता शेजारच्या खुर्चीवरून बोलले तरी कान न्यावा लागायचा. आवाज बारीक झालेला, आणि वाईट म्हणजे सपाट झालेला. "चहा दे" आणि "मला भीती वाटते" एकाच सुरात. डॉक्टर म्हणाले होते, या घरातला हा आजार रक्तातून पुढे उतरणाऱ्यातला दिसतोय. मुलीकडे आला असेल किंवा नसेल. रक्त तपासून कळू शकतं.

भोंग्याने रक्त दिलं नाही. "त्या तपासणीत हो किंवा नाही, दोनच उत्तरं. 'बघू' हे उत्तरच नाही त्यात," ती नवऱ्याला म्हणाली होती.

मग एक मधला रस्ता सापडला. एका लॅबमध्ये अशा घरांमधल्या धडधाकट माणसांचे आवाज गोळा करत होते. हात थरथरायच्या बऱ्याच आधी काही जणांच्या आवाजात बारीक फरक पडत असावा, असा त्यांचा अंदाज होता. नक्की नाही, अंदाज. भोंगा महिन्यातून एकदा जायची, काचेच्या खोलीत बसून श्वास संपेपर्यंत "आऽऽऽ" म्हणायची आणि घरी यायची. तिने मनाशी ठरवलं होतं, सहा महिने आवाज जागचा हलला नाही तर मूल होऊ द्यायचं. हलला, तर हा आजार तिच्यापाशीच थांबेल. नवऱ्याला मूल हवं होतं. तिलाही हवं होतं, इतकं की शेजारणीचं बाळ कडेवर घ्यायची तिला भीती वाटायची.

पाच महिने झाले होते. लॅबवाल्या बाई दर वेळी म्हणायच्या, "तुमचा आवाज म्हणजे सरळ रेघ हो!"

३

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. ती सांगत होती तेव्हा तो पंच्याने बनियनवर पडलेला चहा पुसत होता.

"कानाला नंबर लागला असेल तुझ्या. माझ्याकडे फक्त डोळ्यांचे काढतात, सॉरी."

"मी सिरियसली सांगतेय."

"मीपण. मी रोज जातो त्या लिफ्टने. काही फरक नाही."

"तू नवव्यावर कधी जातोस? सासऱ्यांकडे जायचं म्हटलं की तुझ्या पोटात दुखतं."

"बरं, चल आत्ता."

गेले. "नववा मजला." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले. "छान तर आहे. तुझाच तर आहे."

तेव्हा पहिल्यांदा तिच्या मनात पाल चुकचुकली. हा खोटं तर बोलत नाही ना? त्याला मूल हवंय. फरक ऐकू आला तरी तो सांगेल का?

दुसऱ्या दिवशी लिफ्टचा मेकॅनिक आला होता, त्याला तिने खिंडीत गाठलं. त्याने पत्रा उघडून स्पीकर काढला, फुंकला, खिशातल्या फडक्याने पुसला आणि परत बसवला.

"मॅडम, स्पीकर गेला तर सगळेच मजले खराब वाजतील. एका मजल्यापुरता खराब व्हायला तो काय नळ आहे?"

"तुम्ही काही बदललं होतं का मध्ये?"

"मी? आवाज बदलायला लागलो तर आधी बायकोचा नाही का बदलणार?" तो खो खो हसला. भोंगा हसली नाही. निघताना त्याने पेटी उचलली आणि एकदा वळून तिच्या गळ्याकडे पाहिलं. का पाहिलं असेल?

४

मग एका दुपारी बिल्डिंग सुस्तावलेली असताना तिने सगळ्या मजल्यांची बटणं दाबली. लहान मुलं करतात तसं. असं करणाऱ्या मुलांना ती स्वतः रागावायची.

पहिला मजला. स्वच्छ. दुसरा, तिसरा, चौथा, सगळे स्वच्छ, "ला" वर. सहाव्याला तिला स्वतःचंच हसू आलं. सातवाही ठीक.

"आठवा मजला."

अगदी थोडं. तुम्हाला आम्हाला कळलं नसतं. पण हिला या एका "ला"ने भाकर दिली होती. तो उचलायला गेला आणि अर्ध्यावर दमला.

नवव्याला बसला. दहाव्याला शब्दावर धूळ साचल्यासारखी वाटली, "म" आणि "ज" एकमेकांना चिकटलेले, सपाट, कुठेच चढउतार नाही. हा सूर तिच्या ओळखीचा होता. रोज संध्याकाळी चहा मागायचा तो सूर.

दार उघडलं. दहाव्याचा पॅसेज, एक सायकल, वाळत घातलेला टॉवेल. अकराचं बटण लाल दिसत होतं. भोंगा उडी मारल्यासारखी बाहेर पडली आणि जिन्याने खाली आली, सहा मजले, भिंतीला हात लावून. रिकामी लिफ्ट वर गेली. तिच्यामागे जिन्याच्या पोकळीत कुणीतरी काहीतरी म्हणालं असं तिला वाटलं, पण ते इतकं हळू होतं की नसेलही.

५

स्टुडिओतल्या रेकॉर्डिस्टला सगळे कानसेन म्हणायचे. शेजारच्या खोलीत मच्छर शिंकला तरी त्याला ऐकू येतो अशी ख्याती. भोंग्याने फोनवर लिफ्टचे दहाव्यापर्यंतचे सगळे मजले टिपून आणले होते. कानसेनने ते कापले, दहाही "मजला" स्क्रीनवर एकावर एक ठेवले.

"हे बघ. केसाचा फरक नाही. एकच तुकडा आहे ना, फरक येणार कुठून?"

"तू नुसतं बघू नकोस, ऐक. दहावा लाव."

त्याने लावला. तिने ऐकला. स्टुडिओत तो स्वच्छ होता, "ला" वर, आलात का.

"भोंग्या, झोप झाली नाही का तुझी? की काही गोड बातमी?" कानसेनने भुवया उडवल्या.

"गप रे."

त्याच आठवड्यात लॅबचा सहावा "आऽऽऽ" झाला. बाईंनी पडद्यावरची रेघ तिच्याकडे वळवून दाखवली. "काहीच बदल नाही. आमच्याकडून तरी तुम्ही निवांत राहा."

निवांत! तिने बाईंच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. हसू जरा जास्त नाही? सगळ्यांना असंच सांगत असतील? मशीन म्हणतंय ठीक, कानसेन म्हणतोय ठीक, नवरा म्हणतोय ठीक. म्हणजे एक तर हे सगळे मिळून तिला फसवत होते, नाहीतर तिचे स्वतःचे कान. दोन्हीतलं कुठलं बरं, हेही तिला ठरवता येईना.

६

बाबांना तपासणीला नेऊन आणलं त्या दिवसाची गोष्ट. लिफ्टमध्ये तिघं होते. बाबा काठी धरून, भोंगा त्यांचा दंड धरून, आणि आठव्यावरच्या शिकवणीवाल्या बाई.

"आठवा मजला."

"किती गोड बोलतेस गं," बाई बाहेर पडता पडता म्हणाल्या. "दिवसभर पोरांवर खेकसून येते, तुझा आवाज ऐकला की घरी आल्यासारखं वाटतं बघ."

दार मिटलं. बाबांची बोटं एरवी थरथरायची. आत्ता ती तिच्या मनगटावर घट्ट बसली होती, अगदी स्थिर.

"तिला ऐकू येत नाही," बाबा म्हणाले.

भोंगा त्यांच्याकडे वळली. "काय ऐकू येत नाही, बाबा?"

"तू बसतेस ते."

लिफ्ट चालू होती. आठ आणि नऊच्या मध्ये असा किती वेळ असतो? तिने कान त्यांच्या तोंडाजवळ नेला.

"दुकानातल्या फोनवर," बाबा म्हणाले, सगळे शब्द एका पातळीवर, "माझा आवाज भरलेला होता. दुकान बंद आहे, निरोप ठेवा. तो आधी गेला. मग मी गेलो."

"किती आधी? बाबा, किती आधी?"

"नववा मजला," लिफ्टमधली भोंगा म्हणाली. बाबांनी डोळे मिटून घेतले, आपल्या लेकरावर कुणी हात उगारलेला बघवत नाही तसे.

दारात आई उभी. "आलात? चप्पल तिथेच काढा, आत्ताच पुसलंय. भोंग्या, तुझं तोंड का असं उतरलंय? डॉक्टर काही बोलले का?"

संध्याकाळी तिने बाबांना एकटं गाठून पुन्हा विचारलं. बाबा खिडकीतून खाली बघत होते.

"कुठला फोन?" ते म्हणाले.

आईला विचारलं, तर ती म्हणाली, "तो निरोपाचा फोन? अगं, यांनीच एक दिवस फरशीवर आपटून फोडला. चांगला चालू होता. मी म्हटलं, अहो वेड लागलंय का! तेव्हा हात बघ कसा होता यांचा, खणखणीत."

७

आवाजाच्या धंद्यात एक श्रद्धा असते. घसा बसू दे, जीभ अडखळू दे, बाहेर कुत्रं भुंकू दे. रिटेक घेतला की सगळं सुटतं. रिटेक घेऊन सुटलं नाही असं भोंग्याने आजवर काही पाहिलं नव्हतं.

म्हणून तिने लिफ्ट कंपनीला फोन करून थाप मारली. जुन्या रेकॉर्डिंगमध्ये खरखर आहे, नाव माझं खराब होतं, मी फुकट करून देते. फुकट म्हटल्यावर कोण नाही म्हणतंय? तिने घसा शेकला, कोमट पाणी प्यायली, काचेच्या खोलीत उभी राहिली. पहिला. दुसरा. तिसरा. बारावा. आणि शेवटी, एकदाच, "मजला."

कानसेनने अंगठा वर केला. "पहिल्यापेक्षा भारी. ला काय उचललायस!"

तिने तीनदा ऐकला. खरंच उचललेला होता. बाहेर पडताना तिने कित्येक दिवसांनी रस्त्यात उभं राहून आईस्क्रीम खाल्लं, एकटीनेच. नवऱ्याला मेसेज केला, "सुटलं."

मेकॅनिकने नवा आवाज बसवला त्या दुपारी ती चौथ्यावरून लिफ्टमध्ये शिरली आणि मुद्दाम नऊ दाबलं.

"नववा मजला."

तोंडात कापूस कोंबल्यासारखं. बाई कुठली, तिथे एक म्हातारी बोलत होती. श्वास आधी सुटत होता, शब्द त्याच्यामागून घसटत येत होता.

तिने आठ दाबलं. तेच, जरा कमी. सात. "ला" बसलेला. सहा. बसलेला.

"पाचवा मजला."

अगदी थोडं. उचलायला गेला आणि अर्ध्यावर दमला.

चौथ्याला स्वच्छ.

भोंगा आपल्याच दारासमोर किल्ली हातात घेऊन उभी राहिली. आधी आठव्याला दमायचा, आता पाचव्याला. मध्ये तीन मजले कमी झाले. आणि मध्ये काय गेलं होतं? तीन वर्षं. तिचं गणित कायम कच्चं, शाळेत मार खाल्लेलं. पण हे तिला न मांडताच सुटलं: एक मजला, एक वर्ष.

८

"मग?" दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याने विचारलं. दुकानात निघताना, एक बूट पायात, एक हातात. "सहा महिने झाले. रेघ सरळ आहे. तू म्हणाली होतीस."

"संध्याकाळी सांगते."

"नको असेल तर तसं सांग गं. मी काही रागावणार नाही. मला फक्त कळू दे."

तो असा शहाण्यासारखा बोलला की तिला त्याचा जास्तच संशय यायचा. आणि जास्तच प्रेमही. तो गेल्यावर तिने भांडी घासली, आधी घासलेलीही परत घासली. संध्याकाळी नाही म्हणायचं, हे ठरलंच होतं. पाच वर्षं हातात असताना कुणी अशी गोष्ट सुरू करतं का?

मग तिला वाटलं, नाही म्हणायचंच आहे तर पूर्ण ऐकून म्हणावं. बाकीचं तर ऐकलंच नाही आपण.

भर दुपार होती. बाराव्यावर दोन्ही फ्लॅट रिकामे, कुणी तिकडे फिरकायचं नाही. ती लिफ्टमध्ये शिरली. दहा, अकरा, बारा, तिन्ही दाबली आणि आरशाकडे पाठ करून उभी राहिली.

दहाव्याला कुजबुज होती. "दहावा" कळला, "मजला" अंदाजाने घ्यावा लागला.

अकराव्याला नुसता श्वास. मग जीभ टाळूला लागल्याचा आवाज, "ला" म्हणायला लागते तशी, ओलसर, बारीक. तिच्या स्वतःच्या तोंडात जीभ टाळूला जाऊन चिकटली. एवढंच. दार उघडलं, कुणी नाही, दार मिटलं. आता आणखी वर काय असणार? काहीच नसेल. रिकामं वाजेल. रिकामं सोसता येतं.

लिफ्ट थांबली.

"बारावा!"

भोंग्याने मान वर केली.

तो आवाज तिचा नव्हता. लहान होता, पातळ, आनंदाने फुटायला आलेला. समोरच्या दातांच्या जागेतून हवा निसटत होती, तिथे दात नसावेत. "रा" उगाच लांबवलेला, भोंगा लांबवते तसाच, आणि त्यामागे दाबलेलं हसू, कुणीतरी लेकराला उचलून माइकपाशी धरल्यासारखं. भोंग्याच्या तोंडून स्वतःच्या नकळत "अगं!" निघालं. ती हसली. दोन्ही हात तिने पुढे केले, पत्र्यावरच्या त्या छोट्या जाळीकडे, घे घे केल्यासारखे.

"मजला."

आणि त्या लहान आवाजातला "ला" उचलायला गेला. अर्ध्यावर दमला.

दार उघडलं. पॅसेजमध्ये ऊन पडलं होतं, दोन दारं, दोन कुलपं. लिफ्ट वाट बघत राहिली. भोंग्याचे हात अजून पुढेच होते. आता खाली जायचं, चौथ्यावर, घरी, संध्याकाळी काय सांगायचं ते सांगायचं. तिला सगळं नीट कळत होतं.

तिने अकरा दाबलं. मग परत बारा.